ट्यूब : दोन नग, सुस्थितीत

जावयाने सायकल आणली ती फक्त ठेवण्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट कोणाच्याही लक्षात राहिली नाही. “बाबा, तीन आठवडे गॅलरीत उभी राहू द्या. हिला काही करायचं नाही. नुसती असू द्या,” असं जावई तीनदा म्हणाला होता. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षं छापखान्याचं भांडार सांभाळलं, त्याला ‘नुसती असू द्या’ हा प्रकारच ठाऊक नसतो. भांडारात वस्तू नुसती कधी असत नाही. ती येते, तिची नोंद होते, ती तपासली जाते, आणि तपासताना कमी भरली तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

इमारतीत त्यांना सगळे स्टोअरकाका म्हणत. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि सांभाळायला काहीच नसल्यामुळे काकांची अवस्था मोठी केविलवाणी झाली होती. सुरुवातीला त्यांनी घर सांभाळायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक लागले, छत्र्यांना लागले, काकूंच्या चपलांनाही लागले. काकूंनी एवढं सगळं चालवून घेतलं. पण एके दिवशी कात्री हवी होती तर मागणीपत्रक भरा, असं काका म्हणाले, तेव्हा काकूंनी ती कात्री ज्या नजरेने हातात धरली त्यानंतर घरातलं भांडार बंद झालं. अशात ही सायकल आली. काकांना इतका आनंद झाला की जावयाला वाटलं, सासरे आपल्याला बघूनच खूश झाले.

काकांनी लगेच पावती लिहायला घेतली.

“पावती कसली, बाबा? घरच्या घरात!”

“घरच्या घरात म्हणूनच,” काका म्हणाले. “बाहेरच्याशी भांडता तरी येतं.”

सायकल (डोंगरावरची), एक नग. चाके, दोन. टायर (जाड), दोन. ट्यूब, दोन. पेडल, दोन. सर्व सुस्थितीत. जावई जहाजांवरची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याला तीन आठवडे समुद्रात जायचं होतं आणि खाली गाडी हॉर्न वाजवत होती, त्यामुळे त्याने न वाचताच सही ठोकली. या यादीतल्या सगळ्या वस्तू काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, एक ट्यूब सोडून. पण ट्यूब कोण पाहतो? टायर आहे म्हणजे आत ट्यूब आहे. बदामात बी आहे की नाही, हे काही कोणी फोडून नोंदवत नाही.

पहिला आठवडा काकांनी सायकल नुसती बघितली. बघण्यासारखी होतीच ती. त्यांच्या तरुणपणीच्या सायकली म्हणजे दोन चाकं आणि एक घंटी. हिला घंटीच नव्हती, पण बाकी काय नव्हतं! पुढच्या दांड्यात स्प्रिंगा होत्या. चाकांच्या मधोमध पोळपाटाएवढ्या पोलादी चकत्या होत्या. हँडलला डावीकडे एक कळ होती, तिचं कारण काकांना समजेना. एके दिवशी भिंतीचा आधार घेऊन ते सीटवर बसले आणि त्यांनी ती कळ दाबली. सीट त्यांना घेऊन हळूहळू खाली गेली. काका घाबरून उठले. पुन्हा कळ दाबली, तर सीट झपकन वर आली. ही बिघडली आहे की अशीच आहे, हे ठरवण्यासाठी त्यांनी हा प्रयोग अकरा वेळा केला.

“किती वेळ खालीवर करणार आहात?” आतून काकू म्हणाल्या.

“तपासतोय.”

“सायकल तपासताय की झोके घेताय?”

दुसऱ्या आठवड्यात सायकल गॅलरीत पुढेमागे ढकलताना ब्रेक किंचाळतो, असं काकांच्या लक्षात आलं. किंचाळतं त्याला तेल घालायचं, हा नियम बिजागरीपासून छापखान्याच्या यंत्रापर्यंत कुठेही लागू पडतो. काकांनी शिलाई मशीनचं तेल आणलं आणि त्या पोलादी चकत्यांना दोन्ही बाजूंनी फडक्याने चोळलं. किंचाळणं साफ बंद झालं. त्याबरोबर ब्रेक लागणंही बंद झालं, पण गॅलरीत ब्रेकची गरज कोणाला पडते? काका आपल्या कामावर खूश होते.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मागचं टायर मऊ लागलं. अंगठ्याने दाबलं की आत जायचं. सुस्थितीत घेतलेली वस्तू परत देताना सुस्थितीत नाही, ही कल्पनाच काकांना सहन होईना. घरातला पंप त्यांनी लावून पाहिला, पण त्या टायरची हवेची नळी पेन्सिलीच्या टोकासारखी बारीक. पंपाचं तोंड तिच्यावर बसेचना. “जावयाला फोन करून विचारा,” काकू म्हणाल्या. मुलीचा जहाजावर रोज फोन व्हायचा.

“काय विचारू? तीन आठवडे तुमची सायकल मला सांभाळता आली नाही, असं?”

हवा भरून आणायला चाक काढायचं ठरलं, आणि ते मात्र एका खटक्यात निघालं. ते निघताना सायकल काकूंनी धरली होती, आणि ती कलंडू नये म्हणून त्यांनी हँडलवर जो हात आवळला तो नेमका ब्रेकवर. आत कुठेतरी ‘कच्’ असा आवाज झाला. काय झालं ते दोघांनाही कळलं नाही, आणि कळत नसलेल्या गोष्टीवर नवरा-बायको जे करतात तेच दोघांनी केलं. काहीच झालं नाही असं ठरवलं.

सोसायटीच्या गेटला लागून मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक पाण्याची परात, दोन स्टुलं आणि भिंतीच्या खिळ्याला टांगलेला पंप. हा पंप कोणीही घ्यावा, हवा भरावी, परत टांगावा. विचारायची गरज नाही. मिस्त्रींचा हात इतका बसलेला होता की पंक्चर कुठे आहे हे ते कधीकधी परातीत न बुडवताच सांगायचे. सगळी इमारत त्यांच्या हवेवर चालते, असं काका स्वतःच म्हणायचे.

मिस्त्रींनी चाक हातात घेतलं. फिरवलं. नळी बघितली. मग एकदम थांबले, चाक कानाजवळ नेऊन हलवलं.

“साहेब, आत पाणी आहे.”

“पाणी? टायरमध्ये?”

“आवाज येतोय ना. ठेवून जा, बघतो.”

तेवढ्यात काकूंनी वरून औषधाच्या वेळेची आठवण करून दिली आणि काका वर गेले. अर्ध्या तासाने परत आले तर चाक होतं तसंच भिंतीला टेकवलेलं. “मी उघडलं नाही,” मिस्त्री नजर चुकवत म्हणाले. “हे काम माझं नाही. घेऊन जा.”

हे वाक्य काकांच्या डोक्यात घोळत राहिलं. आयुष्यभर पंक्चर काढणारा माणूस पंक्चर काढायला नाही का म्हणतो? आणि टायरमध्ये पाणी कसं? त्यांना दुपारी झोप लागेना. मंगळवारी सकाळी त्यांनी गॅलरीत सतरंजी अंथरली, दोन जाड चमचे घेतले आणि टायर उघडलं. पहिला चमचा आत गेला, दुसरा गेला, टायर सुटलं आणि आतून दुधासारखं पांढरं काहीतरी भळकन सतरंजीवर आलं. काकांनी टायरमध्ये हात घातला. सगळीकडून फिरवला. मग काकूंना हात घालायला लावला.

ट्यूब नव्हती.

“अहो, मोटारींना हल्ली नसतेच ना ट्यूब,” काकू सतरंजीकडे बघत म्हणाल्या.

“मोटार ही मोटार आहे, सायकल ही सायकल आहे,” काका म्हणाले. “आणि पावतीवर दोन आहेत. जावयांची सही आहे.”

इथेच गोष्ट संपली असती, जर काकूंचं कोणी ऐकलं असतं. पण काकांच्या दृष्टीने प्रश्न ट्यूबचा नव्हता. बत्तीस वर्षांत त्यांच्या भांडारातून शाईची बाटली कमी झाली नव्हती. निरोप समारंभात साहेबांनी मुद्दाम तेवढंच सांगितलं होतं, आणि खरं तर सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंही. आता पहिल्यांदा त्यांच्या ताब्यातली वस्तू कमी भरली होती, तीही जावयाची, आणि जावई शनिवारी येणार होता. काकांचं तोंड इतकंसं झालं.

चमच्यांचा आवाज ऐकून शेजारच्या रसायनशास्त्राच्या बाई आल्या, आणि बाई आल्या म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी आले. बाईंनी पांढरा द्रव बोटावर घेतला, हुंगला, दोन बोटांत ताणला.

“रबराचा चीक आहे हा,” त्या म्हणाल्या. “काका, तुमची ट्यूब चोरीला नाही गेली. विरघळली.”

“विरघळली?”

“उन्हात गॅलरीत होती ना तीन आठवडे? रबर तापलं, त्याची मूळ अवस्था झाली.”

“मग टायर का नाही विरघळलं?” सेक्रेटरींनी विचारलं. बाई म्हणाल्या, तेच बघायला हवं, आणि एका बरणीत थोडा चीक भरून घरी घेऊन गेल्या. त्यानंतर रोज त्यांच्या खिडकीत ती बरणी उन्हात ठेवलेली असायची.

सेक्रेटरींना विरघळण्याचं पटलं नाही. ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी, पण उंट मात्र दुसऱ्याचा हवा. “हा द्रव ओतलाय कोणीतरी,” ते म्हणाले. “ट्यूब काढली की चाक हलकं लागणार. ते कळू नये म्हणून वजन भरलं. जाणकाराचं काम आहे. चाक कोणाकडे दिलं होतं का?”

काकांनी सरळ जे होतं ते सांगितलं. त्यांना खोटं बोलण्याची सवय नव्हती, आणि खरं बोलण्यानेही कोणाचं नुकसान होतं, हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

“आणि तो म्हणाला, माझं काम नाही?” सेक्रेटरींचे डोळे चमकले. “खाई त्याला खवखवे, काका! चला चौकीत.”

बुधवारी सकाळी दोघं पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी कोरा कागद घेतला.

“काय गेलं?”

“सायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब.”

“सायकल?”

“सायकल आहे.”

“चाक?”

“आहे.”

“टायर?”

“तेही आहे.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे चोराने टायर काढलं, ट्यूब घेतली आणि टायर परत नीट बसवून गेला?”

“आणि आत पांढरं पाणी ओतून गेला,” सेक्रेटरी म्हणाले.

“रंग कोणता होता?”

“पांढरा म्हटलं ना.”

“ट्यूबचा विचारतोय.”

“काळा असावा,” काका म्हणाले.

“असावा? शेवटची कधी पाहिलीत तुम्ही ती?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “पाहिली नव्हती.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“मग ती होती, हे कशावरून?”

काकांनी पावती पुढे सरकवली. हवालदारांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, दोन्ही सह्या बघितल्या, कागद उलटा करून मागची बाजू बघितली. “हां,” ते म्हणाले, “मग होती.” निवृत्तीनंतर आठ महिन्यांत काकांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. शेवटी कागदाची किंमत कागद लिहिणाऱ्यालाच.

“संशय कोणावर?”

“कोणावरही नाही.”

“बरं. तुमच्याशिवाय चाक कोणाच्या हातात होतं?”

“अर्धा तास मिस्त्रींच्या.”

हवालदारांनी तेवढं लिहून घेतलं.

त्याच दिवशी दुपारी गेटवर गर्दी जमली. हवालदारांनी काकांना वस्तू ओळखण्यासाठी खाली बोलावलं होतं. मिस्त्रींची पेटी उघडी होती आणि तिच्यातल्या ट्यूबा रस्त्यावर ओळीने मांडल्या होत्या. नव्या अकरा, जुन्या सात. मिस्त्री बाजूला उभे होते, हात काळे, काय करावं ते न कळून एकाच हातात पाना धरलेला. हवालदार एकेक ट्यूब उचलून काकांसमोर धरत होते.

“ही का?”

आता काकांनी ती ट्यूब आयुष्यात पाहिली नव्हती. ही तीच आहे असं ते म्हणू शकत नव्हते. पण ही ती नाही, असं तरी कसं म्हणणार? काकांनी आयुष्यभर प्रामाणिकपणा पाळला होता.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“ही?”

“सांगता येत नाही.”

अठरा वेळा त्यांनी हेच सांगितलं. पहिल्या तीन-चार वेळा लोक हसले. नंतर हसायचे थांबले आणि मिस्त्रींकडे बघायला लागले. शेवटची नवी ट्यूब बारीक नळीची निघाली, अगदी जावयाच्या चाकाला असते तशी. “कोणीतरी मागवली होती, न्यायलाच आला नाही,” मिस्त्री म्हणाले. “वर्षभर पडून आहे.” पण एव्हाना लोकांनी मान हलवली होती. हवालदारांनी ती ट्यूब कागदात गुंडाळून मुद्देमाल म्हणून नेली.

मिस्त्रींनी उरलेल्या सतरा ट्यूबा एकेक झटकून, घडी घालून पेटीत ठेवल्या. मग भिंतीवरचा पंप काढला, तोही पेटीत ठेवला आणि कुलूप लावून गेले. जाताना त्यांनी काकांकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुकान उघडलं नाही. शुक्रवारीही नाही. लोक मऊ टायरच्या सायकली हाताने ढकलत गेटमधून जायचे आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघायचे. सेक्रेटरींनी तेवढ्यात समितीपुढे ठराव मांडायचं ठरवलं, की गेटजवळच्या त्या जागेवर यापुढे ‘अनोळखी व्यवसायास’ परवानगी देऊ नये. मिस्त्री तिथे एकोणीस वर्षं बसत होते. काकांना ठरावाचा मसुदा तपासायला दिला होता. त्यांनी तो हातात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादा नीट लिहिलेला कागद वाचवेना.

“तुम्हाला खरंच वाटतं का हो, त्यांनी घेतली असेल?” काकूंनी विचारलं.

“मी तसं कधी म्हटलंच नाही.”

“नाही असंही नाही म्हणालात.”

काका गॅलरीत जाऊन सायकलपाशी बसले. मागचं चाक परत बसवावं म्हटलं, तर तेही बसेना. ब्रेकच्या जबड्यात चकती शिरायला जागाच राहिली नव्हती.

शनिवारी दुपारी जावई आला; मुलगी सकाळीच येऊन थांबली होती. रविवारी सकाळी आठला त्याच्या मित्रांची डोंगरावरची फेरी होती, म्हणून तो थेट बंदरावरून आला होता. काकांनी त्याला पाणीही पिऊ दिलं नाही. समोर बसवलं, पावती ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, “जावईबापू, तुमच्या मालातला एक नग माझ्या ताब्यातून कमी झाला आहे. मागची ट्यूब.”

“कुठली ट्यूब?”

“ही. ओळ चौथी.”

जावयाने पावती पहिल्यांदाच वाचली. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मग तो इतका हसला की मुलगी आतून धावत आली. “बाबा, हिला ट्यूब नाहीच! पुढेही नाही, मागेही नाही! टायर रिमला घट्ट बसतं, हवा थेट त्यातच राहते. आणि ते पांढरं मीच घातलेलं. काटा लागला की ते भोकात शिरतं आणि सुकतं, पंक्चर आपोआप बुजतं. सायकल उभी राहिली की हवा थोडी उतरतेच. महिन्याकाठी चाक हलवायचं आणि हवा भरायची, एवढंच.”

“मग तुम्ही सही का केलीत?”

“मी वाचलंच नाही, बाबा.”

एरवी हे वाक्य काकांच्या काळजात घुसलं असतं. पण ते उठून उभे राहिले होते. जावई गॅलरीतून हाका मारत होता, “या चकतीला तेल कोणी लावलं? आणि चाक नसताना ब्रेक कोणी दाबला?” त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर मांडलेल्या अठरा ट्यूबा होत्या.

चौकीत त्यांना वाटलं होतं, एका वाक्यात काम होईल. “तक्रार मागे घ्यायची आहे,” ते म्हणाले. “ट्यूब नव्हतीच.”

“नव्हतीच?” हवालदारांनी कपाटाकडे बघितलं. “मग मी जी आणली ती?”

“ती मिस्त्रींची. त्यांना परत द्या.”

“असं कसं? तक्रारीप्रमाणे ती तुमची असण्याचा संभव आहे. तुम्ही सांगता येत नाही म्हणालात. आता जी नव्हतीच ती सापडली, आणि सापडली ती मी कोणाला देऊ?”

काकांनी कागद मागून घेतला. बत्तीस वर्षांत त्यांनी ‘आढळून आले’, ‘असण्याची शक्यता’, ‘निश्चित सांगता येत नाही’ अशीच भाषा वापरली होती. त्या दिवशी त्यांनी लिहिलं : ‘ही ट्यूब माझी नाही. कधीच नव्हती. मिस्त्रींची आहे.’ हवालदार म्हणाले, हे जरा जास्तच स्पष्ट झालं. पण त्यांनी ते ठेवून घेतलं.

संध्याकाळी काका मिस्त्रींच्या घरी गेले. दार उघडून मिस्त्री उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. काकांनी सगळं सांगितलं, न थांबता, न सावरता. मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या होत्या, त्या हळूहळू वेगळ्याच झाल्या.

“म्हणजे हवा थेट टायरमध्ये?” त्यांनी विचारलं. “रिमच्या फटीतून जात नाही?”

“जावई म्हणतात, पट्टी लावतात आतून.”

“आणि ते पाणी भोक बुजवतं? आपोआप?”

“आपोआप.”

मिस्त्री उंबऱ्यावर बसले. “पाच दिवस माझ्या डोक्यात तेच आहे, साहेब. आत काय असेल! मी त्या दिवशी अर्धा तास चाक कानाला लावून बसलो होतो. उघडायचा धीर नाही झाला. आणि कळत नाही, असं तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, माझं काम नाही.”

“माझं चुकलं,” काका म्हणाले. “फार चुकलं.”

“इथे नका सांगू,” मिस्त्री म्हणाले. “पेटी जिथे उघडली, तिथे सांगा.”

रविवारी सकाळी सात वाजता गेटवर लोक जमले. जावयाने रात्रीच त्या चकत्या स्पिरिटने तीनदा पुसल्या होत्या, चकती पकडणारे ब्रेकचे तुकडे पॉलिशपेपरवर घासले होते. पण आवळलेले जबडे उघडेनात, आणि पांढरा द्रव सगळा सतरंजीने पिऊन टाकलेला. काका दोन पानी निवेदन टाईप करून घेऊन आले होते. मिस्त्रींनी कागदाकडे बघून मान हलवली, तशी काकांनी तो खिशात घातला.

“मिस्त्रींनी काही घेतलं नाही,” काका म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. “त्या चाकात ट्यूब नव्हतीच. मी न बघता लिहिली होती.”

“थोडक्यात, गैरसमज झाला,” सेक्रेटरी पुढे होत म्हणाले.

“गैरसमज नाही,” काका म्हणाले. “यांना मी एकोणीस वर्षं ओळखतो. अठरा वेळा मला विचारलं, ही का? अठरा वेळा मी नाही म्हणायला हवं होतं. ते मी म्हणालो नाही. चूक माझी आहे. आणि तो ठराव मी फाडून टाकला आहे.”

रसायनशास्त्राच्या बाईंनी डोळे पुसले. त्यांची बरणीही पाच दिवसांत तशीच्या तशी राहिली होती. हवालदारांनी पुढे होऊन कागदात गुंडाळलेली ट्यूब मिस्त्रींच्या हातात दिली आणि सही मागितली. मिस्त्रींनी सही केली. पेटी उघडली. पंप काढून खिळ्याला टांगला.

मग ते जावयाकडे वळले. “आणा सायकल.” एक चपटा पेचकस जबड्यात घालून त्यांनी अलगद फिरवला, दोन्ही तुकडे बाजूला झाले. जावयाने ‘वा!’ म्हटलं. “पण मिस्त्रीकाका, चीक नाही तर टायर हवा धरणार नाही. आजची फेरी राहू द्या.”

“आपोआप बुजवणारं नसलं तर काय घालतात मग?”

“ट्यूबच. आम्ही पण अडलो की ट्यूबच घालतो. फक्त बारीक नळीची लागते.”

मिस्त्रींनी हातातल्या पुडक्याकडे बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा ते हसले. त्यांनी चाक मांडीवर घेतलं आणि काकांकडे मान वर केली.

“साहेब, तिकडे तोंड करा.”

“का?”

“ट्यूब न बघता घ्यायची सवय आहे तुम्हाला.”

लोक हसले. काका हसले नाहीत. ते वळले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. मागे टायर सुटल्याचा आवाज आला, मग खसखस, मग जावयाचं ‘इथे पट्टीला धक्का लावू नका हं,’ आणि मिस्त्रींचं ‘हो, हो, दाखवा तरी ती पट्टी.’ दोघं बराच वेळ काहीतरी बघत बसले होते. काय, ते बघायची काकांना इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. पण ते वळले नाहीत. शेवटी पंपाचे फुसकारे ऐकू आले, एकामागून एक, आणि थांबले.

“घ्या, साहेब.”

मिस्त्रींनी चाक त्यांच्या हातात दिलं. टायर दगडासारखं टणक लागत होतं. बाहेरून पाहता त्याच्या आत काय आहे, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

“ट्यूब आहे आत. एक नग,” मिस्त्री म्हणाले. “लिहून देऊ का?”

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता, तो त्यांनी चाकाखाली नेला.

“कशाला?” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलंत ना.”